ग्रंथपालाच्या कामाचा तक्ता

१२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत प्रतिमापूजन होते, एखादे व्याख्यान होते, आणि अलीकडे ग्रंथालयाच्या भिंतीवर ग्रंथपालाच्या कार्याची ओळख करून देणारा चित्रमय तक्ताही लागतो. ‘इन्फोग्राफिक’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार संगणकावर तासाभरात तयार होतो. त्यात बहुधा चष्मा लावलेली एक व्यक्ती, मागे पुस्तकांचे कपाट आणि भोवती ‘देवघेव’, ‘शांतता’, ‘वाचनाची गोडी’ अशी तीन-चार रंगीत वर्तुळे असतात. तक्ता सुरेख दिसतो. परंतु ज्याच्या गौरवासाठी तो लावला, त्याचे काम मात्र त्यात कोठे आढळत नाही.

वरवर पाहता ही तक्रार क्षुल्लक वाटेल. तथापि, जे काम दिसत नाही त्याचे मोल ठरवण्याची वेळ आली की काय होते, याचा अनुभव ग्रंथालयांना पुरेसा आहे. पुस्तक देणे आणि परत घेणे एवढेच काम असेल, तर त्यासाठी प्रशिक्षित माणूस कशाला, असा प्रश्न संस्थेच्या बैठकीत सहज निघतो आणि त्याचे उत्तर अर्धवेळ पदात किंवा रिकाम्या खुर्चीत मिळते. १९६७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळाले. परंतु गावोगावच्या ग्रंथालयांतील सेवकांची वेतनश्रेणीची मागणी जुनीच राहिली आहे. या उपेक्षेची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक असे की, या कामाचा आवाका समाजापुढे कधी नीट मांडलाच गेला नाही.

चित्राने ही उणीव भरून निघू शकते, याला इतिहासाचा आधार आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली सैनिकांच्या मृत्यूंची कारणे एका वर्तुळाकार आकृतीत मांडली. प्रत्येक कारणाला त्याच्या प्रमाणात क्षेत्रफळ दिले होते. लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक माणसे मारली, हे त्या आकृतीवर नजर टाकताच उमगत होते. सजावट हा त्या चित्राचा हेतू नव्हता. राज्यकर्त्यांपुढे ठेवलेला तो पुरावा होता. ग्रंथपालाच्या तक्त्यालाही हाच नियम लावला पाहिजे: ज्या कामाला जितका वेळ लागतो, त्याला तितकी जागा.

असा तक्ता काढू गेल्यास देवघेवीचे वर्तुळ पुष्कळ लहान होईल. नवे पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी त्याची निवड होते, देयकाशी ताळा होतो, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, वर्गीकरण होते आणि तालिकेत नोंद होते. यातील प्रत्येक पायरीवर निर्णय घ्यावा लागतो. राम गणेश गडकरी यांचेच उदाहरण घ्यावे. नाटके त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने. ही तीन नावे एकाच माणसाची आहेत, हे ज्या तालिकेत नोंदलेले नाही, तेथे विद्यार्थ्याला गडकरी एकतृतीयांशच सापडतील. डेव्हीच्या दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० ही स्वतंत्र दहाई आहे. मराठी साहित्याला मात्र ८९१.४६ या अपूर्णांकात संसार मांडावा लागतो. तेवढ्या जागेत मराठीच्या सर्व ग्रंथसंपदेला शिस्त लावणे हे कारकुनी काम खचितच नव्हे.

त्यानंतर येते रक्षणाचे काम. वाळवी, कसर आणि कोकणातील दमट हवा यांच्याशी ग्रंथपालाचा झगडा बारमाही चाललेला असतो. २०१९ साली सांगलीत आणि २०२१ साली चिपळुणात महापुराचे पाणी ग्रंथालयांत शिरले, तेव्हा ग्रंथ भिजणे म्हणजे काय हे सर्वांनी पाहिले. भिजलेले पुस्तक कडक उन्हात न टाकता, पानांत टीपकागद घालून सावलीत वाळवावे लागते, हे ज्याला ठाऊक होते त्याचे मोल त्या दिवसांत कळले. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा अभ्यासकाला आज उपलब्ध आहे, ती घरोघरच्या रद्दीमुळे नव्हे, कोणीतरी ते अंक वर्षानुवर्षे जपले आणि बांधून घेतले म्हणून. याच्या उलट, कालबाह्य व जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन करण्याचा अप्रिय निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो.

सर्वांत अदृश्य काम संवादाचे. ‘ते लाल पुठ्ठ्याचे पुस्तक’ एवढ्यावरून ग्रंथ शोधून देणे, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला जुन्या आवृत्तीतील आकडे टाळण्यास सांगणे, ज्येष्ठ नागरिकाला संगणकावर अर्ज भरून देणे, आणि कोणी कोणते पुस्तक नेले याची वाच्यता न करणे, या सेवांची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हे रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक. वाचकाचा असा वाचलेला वेळ ग्रंथपालाच्या खर्ची पडलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की, तक्त्याने वेतन वाढत नाही आणि रिक्त पदही भरले जात नाही. हे खरे आहे. परंतु पदे भरण्याचा निर्णय जे घेतात, त्यांच्यापुढे प्रथम वस्तुस्थिती ठेवावी लागते. त्यासाठी आयत्या चित्रांचा उपयोग नाही. प्रत्येक ग्रंथालयाने एक आठवडाभर कामाची रोजनिशी ठेवावी, तीवरून तासांची बेरीज करावी, आणि तेच प्रमाण तक्त्यात उतरवावे. विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास त्यांना गणित, चित्रकला आणि ग्रंथालय या तिन्हींचा परिचय होईल. जी कामे मनुष्यबळाअभावी होऊच शकली नाहीत, त्यांच्यासाठी मात्र एक चौकट मुद्दाम कोरी ठेवावी.

पुढील १२ ऑगस्टला असा तक्ता केवळ वाचनकक्षात टांगून भागणार नाही. त्याची एक प्रत संस्थेच्या बैठकीत, अंदाजपत्रकाच्या कागदांसोबत, ठेवली जावी. प्रतिमेला घातलेला हार सायंकाळी सुकतो. ती कोरी चौकट मात्र बैठकीतील प्रत्येकाला वर्षभर उत्तर मागत राहील.