रिकामा दिसणारा प्लग

आमच्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर, कार्यालयाकडे जाणाऱ्या उताराला लागून, भिंतीत एक पॉवर प्लग आहे. बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल इतक्या उंचीवर तो बसवलेला आहे. समोरची फरशी सपाट, डोक्यावर पत्रे, कार्यालयाचे दार पंधरा-वीस पावलांवर. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी सायकलीसाठी तो मुद्दाम तेथे घेतला गेला. त्यावर पाटी नव्हती. सर्वांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. तरीही गेल्या पावसाळ्यात मी काही दिवस माझी विजेवरची स्कूटर तेथे लावत असे. त्या सवयीविषयी थोडे लिहावेसे वाटते.

विषय कोहमाऱ्यासारख्या गावाला परका वाटण्याची शक्यता आहे. विजेवरच्या वाहनांसंबंधी राज्याचे धोरण २०२१ मध्ये आले, पुन्हा २०२५ मध्ये आले. राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरांवर चार्जिंगची सोय असावी, असे नव्या धोरणात म्हटले आहे. आमचा चौक राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या सहा नंबरच्या रस्त्यावर आहे. त्यामुळे नागपूर-रायपूर वाटेवरच्या मोटारींची सोय आज ना उद्या होईल. पण या भागात कामाच्या जागी जी वाहने चार्जिंगला लागतात, त्यांत मोटारी क्वचितच. असतात त्या स्कूटरी, आणि अपंगांना साहाय्यक साधने देणाऱ्या सरकारी योजनांतून मिळालेल्या तीनचाकी. केंद्राची 'अडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. पूर्वी तिच्यातून हाताने फिरवण्याची सायकल मिळे. आता काहींना बॅटरीची मिळते. गावातून महाविद्यालयापर्यंत कुणाच्याही आधाराविना येणे अनेकांना या बॅटरीमुळे प्रथमच शक्य झाले आहे. प्लगचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

माझा युक्तिवाद असा होता. मी साडेनऊला येतो, ते साडेदहाला येतात. तोवर प्लग रिकामाच. ते आले आणि त्यांनी म्हटले, की मी स्कूटर काढीन. यात गैर काय? पहिल्याच दिवशी ते आले तेव्हा मी तेथेच उभा होतो. मी म्हणालो, "काढू का?" ते म्हणाले, "राहू द्या ना सर, तुमचं होऊ द्या. मी मंग लावतो."

आम्ही मराठीचे प्राध्यापक. एखाद्या कवितेतील एका क्रियापदावर तासभर बोलतो, ध्वन्यार्थ, लक्ष्यार्थ उलगडून दाखवतो. पण "राहू द्या ना सर" या वाक्याचा मी वाच्यार्थ तेवढा घेतला. कारकुनाने प्राध्यापकाला म्हटलेले ते वाक्य होते. त्यातील 'सर' या शब्दाने बाकी सारे ठरवून टाकले होते. "काढू का?" या प्रश्नाला "हो, काढा" असे उत्तर देण्याची मुभा आमच्या कार्यालयीन व्यवहारात त्यांना नव्हती, आणि ती नाही हे मला आतून कळत असावे, एरवी मी प्रश्न विचारलाच नसता, गाडी काढली असती. विचारण्यात माझे सौजन्य दिसले, किंमत मात्र त्यांच्याकडून वसूल झाली.

ती किंमत मला चार-पाच दिवसांनी कळली, तीही त्यांच्याकडून नव्हे, आमच्या शिपाईभाऊंकडून. एका संध्याकाळी पावसात त्यांची तीनचाकी गावाच्या तीन किलोमीटर अलीकडे बंद पडली होती. महामार्गाच्या कडेला, ट्रकांचे पाणी अंगावर घेत ते तासभर बसून राहिले. मग धानाच्या बांधीवरून परतणाऱ्या कुणीतरी दोर लावून ट्रॅक्टरच्या मागे गाडी ओढत नेली.

येथे थोडे यंत्राविषयी. या तीनचाकींत बहुधा शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. पूर्ण भरायला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे कार्यालयाचा जवळपास अख्खा दिवस. सकाळचे दोन तास माझ्या स्कूटरने खाल्ले की उरलेल्या वेळात ती बॅटरी भरत नाही, मग तिचा मालक कितीही समजूतदार असो. बॅटरी जुनी झाली की पल्लाही घटतो. अर्धवट भरलेली बॅटरी काट्यावर ठीक दिसते आणि चढावर दगा देते. माझी स्कूटर रस्त्यात बंद पडली तर मी उतरून ती ढकलीन, नाहीतर तेथेच सोडून एस.टी.ने घरी जाईन. त्यांना उतरता येत नाही.

इतर देशांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. ब्रिटनच्या मानक संस्थेने २०२२ मध्ये अपंगांना वापरता येतील अशा चार्जिंग जागांसाठी स्वतंत्र मानक काढले. अमेरिकेतील ॲक्सेस बोर्डाने त्याच वर्षी काही शिफारशी केल्या. त्यांतील एक कल्पना मला रोचक वाटली : जागेवर 'राखीव' न लिहिता 'सर्वांत शेवटी वापरा' असे लिहावे. बाकीच्या जागा भरल्या तरच इतरांनी तेथे गाडी लावावी.

वाचताना लग्नातील शेवटची पंगत आठवली. घरची माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. त्यांना कुणी अडवलेले नसते. पण ही उपमा फार ताणू नये. एक तर शेवटची पंगत आपल्याकडे नेहमीच यजमानांची नव्हती. कुणाला सक्तीने शेवटी बसवले जात होते हे विदर्भात तरी सांगण्याची गरज नाही. दुसरे म्हणजे या उपमेत आपण यजमान ठरतो आणि तो सहकारी पाहुणा. तो पाहुणा नाही. त्याचे नाव हजेरीपटावर माझ्याइतकेच पक्के आहे.

शिवाय 'शेवटी वापरा' ही सूचना जेथे दहा प्लग आहेत तेथे ठीक. आमच्याकडे एकच आहे. एकात पहिला आणि शेवटचा कोणता? तेथे या सूचनेचा अर्थ 'कुणीही वापरा' असाच होतो. म्हणून लहान संस्थांत 'राखीव' हाच शब्द हवा, तो कानाला कितीही सरकारी वाटो.

कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय आस्थापनांवर अपंग कर्मचाऱ्यांना अडथळाविरहित वातावरण व वाजवी सोयी देण्याची जबाबदारी टाकली. सुगम्यतेचे मापदंड नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही सक्तीचे असलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात म्हटले. मात्र कायदा प्लग बसवून देईल. साडेनऊ वाजता त्यात कुणाची पिन जाते हे पाहायला तो येणार नाही. (शब्दाचेही तसेच. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले; शब्द बदलला की वागणे बदलते हा आमच्या विभागाचा आवडता समज आहे. 'दिव्यांग बांधवांसाठी' असे आदराने म्हणत मी माझी पिन खोचतच होतो.)

स्टाफरूममध्ये मी हे बोलून दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, की मग ते रजेवर असतील त्या दिवशीही प्लग रिकामा ठेवायचा काय? ही नासाडी नव्हे काय? जिन्याखाली आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगलेल्या आहेत. त्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या नाहीत म्हणून त्यांत कुणी तुळस लावत नाही. रजेच्या दिवशी वापरायचे असेल तर आदल्या दिवशी त्यांनी स्वतः होऊन सांगितलेले असावे. आपण जाऊन विचारले, की पुन्हा तेच "राहू द्या ना सर". बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. उतारावरून वायर ओढू नये. प्लगच्या खुंटीला हेल्मेट अडकवू नये. दुसऱ्याची पिन काढून आपली लावू नये, मोबाईलसाठी 'पाचच मिनिटे' म्हणून तर मुळीच नाही. आणि तीनचाकीच्या बाजूला दुचाकी खेटून लावू नये. बसलेल्या माणसाला वळायला जागा लागते, ती मोकळी दिसते एवढेच.

मी त्यांची क्षमा मागितली. ते संकोचले. मला वाटते, क्षमेनेही त्यांना पुन्हा एकदा "राहू द्या" म्हणायला भागच पाडले.

पाटी लावायचे ठरले तेव्हा मजकुरावर मराठी विभागात बराच काथ्याकूट झाला. 'सहकार्याची विनंती' हवी की नको, 'बांधव' हवे की नको. शेवटी कुणाला तरी सुचले, की त्यांनाच विचारावे. ते म्हणाले, "माझं नाव नका टाकू. तीनचाकीसाठी राखीव, एवढंच लिहा." तेवढेच लिहिले आहे. विजेवरच्या स्कूटरींसाठी पलीकडच्या भिंतीत दुसरा प्लग घेण्याचा अर्ज दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत मी स्कूटर घरीच चार्ज करून आणतो.