ओळखीचा माणूस आणि अनोळखी नोकरी

आमच्या कोकणात आखातातली नोकरी पूर्वी माणसाबरोबर यायची. कुवेतचा मामू सुट्टीवर आला की भाच्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जायचा. पगार किती, खोलीत किती जण, शेठ पैसे वेळेवर देतो का, हे त्याला ठाऊक असायचं, कारण तो स्वतः तिथे राबत होता.

आज नोकरी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. मेसेज ओळखीच्याच माणसाने पाठवलेला असतो, पण त्याला स्वतःला काहीच माहीत नसतं. त्याने तो फक्त पुढे ढकललेला असतो. आपण मात्र त्याच्यावर मामूइतकाच भरोसा ठेवतो.

माझ्या चुलतभावाने असाच सव्वा लाख भरला. चाचीच्या बांगड्या गहाण पडल्या. हाती आला व्हिजिट व्हिसा. "तिकडे गेल्यावर बदलून देऊ," असं एजंट म्हणाला. तो बदललाच नाही. दोन महिने चोरून रोजंदारी केली, शेवटचा पगार बुडाला, आणि व्हिजिट व्हिसावर काम करणंच बेकायदेशीर असल्याने तक्रार करायची सोय नव्हती. परतीचं तिकीटही घरच्यांनीच काढलं.

हे सगळं टाळायला पाच मिनिटं पुरली असती. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परवान्याशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. परवानाधारक एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे, आणि त्याची पावती मिळायला हवी. सव्वा लाख ऐकल्यावरच शंका यायला हवी होती.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. त्यांना नोकरीसाठी 18 देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते. एजंट तिला कटकट म्हणतो आणि व्हिजिट व्हिसाची पळवाट दाखवतो. पण त्या मंजुरीमुळेच तुमचा करार नोंदला जातो आणि 10 लाखांचा विमा मिळतो. पळवाटेने गेलात तर दोन्ही हुकतात.

शिकलेल्यांनीही बिनधास्त राहू नये. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी आहे असं सांगून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेले पाचशेहून जास्त भारतीय मार्च 2025 मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. जाहिरात कुठेही दिसो, अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. मुलाखतीआधी पैसे मागणाऱ्याला तिथेच थांबवा.

सरकारने बोगस एजंटांना पकडावं, हे खरंच. पण तक्रार कोण करतो? आमच्या घरी तक्रार झाली नाही, कारण एजंट शेजारच्या गावचा, दूरच्या नात्यातला. "आपलाच आहे, जाऊ दे," असं मोठे म्हणाले. त्यानंतर त्याच माणसाने आणखी मुलं पाठवली. आमच्या गप्प बसण्याची किंमत त्या मुलांनी मोजली.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. प्रत्येक मोहल्ल्यात जुम्याच्या नमाजनंतर तासभर एक टेबल लावा. एक लॅपटॉप, इंग्रजी वाचणारी एखादी मुलगी किंवा मुलगा, आणि आखातात आयुष्य घालवून परतलेला एक मामू. ऑफर लेटर घेऊन या, तपासून घ्या, मगच पैशांचं बोला. ज्याला तपासणीचा राग येतो, तो एजंट आपला नाही, मग तो कुणाचाही नातेवाईक असो.