क्षितिज आणि कडेचीं माणसें

गेल्या दिवाळींत आमच्या घरचीं एकवीस माणसें गणपतीपुळ्यास गेलीं होतीं. देवदर्शन आटोपल्यावर किनाऱ्यावर सर्वांचें छायाचित्र घेण्याचें ठरलें; कॅमेरा अर्थातच आमच्या हातीं. मुक्कामीं येऊन पाहतों तों मागचा समुद्र डावीकडे सांडूं पाहत आहे! बटण दाबतांना कॅमेऱ्याची उजवी बाजू किंचित् खालीं जाते आणि चित्रांत क्षितिजाचें उजवें टोक तितकेंच वर उचलतें. माणसेंही तितकींच कललेलीं असतात, पण तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. माणूस कसाही उभा राहतो. समुद्राला ती मुभा नाहीं.

पुतण्या म्हणाला, "काका, त्यांत काय! फिरवून सरळ करतों." कलहि अवघा ३ अंशांचा. परंतु चित्र फिरविलें म्हणजे कोपरे रिकामे पडतात व चारी कडा छाटाव्या लागतात. मोबाइलच्या नेहमींच्या ४:३ प्रमाणाच्या चित्रांत ३ अंशांपायीं सुमारें आठवा हिस्सा जातो. आमच्या चित्रांत त्या हिश्शाबरोबर मधल्या वहिनींचा खांदा आणि अर्धा चेहरा गेला! वडीलधारी मंडळी मध्यें बसतात, मुलें पुढें. आणि सर्वांना जागा लावून देणारी बाई शेवटीं कडेला उभी राहते. वहिनी हंसून म्हणाल्या, "भावोजी, समुद्र तिरपाच राहूं द्या."

तेव्हां दुरुस्ती बटण दाबण्यापूर्वींच करावी हें बरें. बहुतेक मोबाइलांत चित्रावर उभ्या-आडव्या रेषा दाखविण्याची सोय असते. ती चालू करून क्षितिज आडव्या रेषेशीं समांतर धरावें. कडेला थोडी मोकळी वाळूही ठेवावी. १० सेकंदांची सोय वापरून कॅमेरा टेकवून ठेवला, तर अंगठ्याचा प्रश्नच उरत नाहीं, शिवाय फोटो काढणाराही चित्रांत येतो.

खडकवासल्यासारख्या जलाशयाकाठीं मात्र ही रेषा फसविते. पलीकडचा कांठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो आपल्यापासून तिरका दूर जात असेल, तर कॅमेरा अगदीं सरळ असूनही चित्रांत उतरता दिसतो. त्याला बळेंच आडवा केला कीं झाडें, माणसें सारींच कलंडतात. अशा ठिकाणीं चित्राच्या मध्याजवळचा एखादा दिव्याचा खांब किंवा भिंतीची उभी कड प्रमाण मानावी.

गणपतीपुळ्याचें तें चित्र आम्हीं न छाटतां छापून घेतलें व दिवाणखान्यांत लावलें आहे. येणारा प्रत्येक पाहुणा चौकट सरळ करावयास उठतो.