उमेदवारीचे तीन महिने

आमच्या एका जुन्या स्नेह्यांची नात संगणकावरील खेळांसाठीं लागणारी चित्रकला शिकते. हें प्रथम कळलें तेव्हां आजोबांनीं कपाळास हात लावला होता. "खेळतात म्हणून आम्ही मुलांस रागें भरत असूं, आतां खेळांसाठींच फी भरावयाची!" असें ते आम्हांस म्हणाले होते. त्याच नातीनें मुंबईच्या एका चित्रपट-स्टुडिओंत नुकतीच तीन महिने उमेदवारी केली. परवां ती भेटावयास आली, तेव्हां जें ऐकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

खेळाची चित्रकला आणि चित्रपटाची चित्रकला या सख्ख्या बहिणी; पण एक काटकसरी, तर दुसरी सढळ हाताची. खेळणारा जिकडे वळेल तिकडचें दृश्य यंत्रास तत्क्षणीं उभें करावें लागतें. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्रास सेकंदाचा साठावा हिस्साच मिळणार. म्हणून झाड असो वा वाडा, तो थोडक्या त्रिकोणांत बसवावा, आणि भिंतीवरील बारीक खांचखळगे प्रत्यक्ष न घडवितां छायाप्रकाशाच्या युक्तीनें भासवावे, हें तिचें शिक्षण. चित्रपटांत चित्रें सेकंदास २४ च; पण एकेक चित्र सिद्ध करण्यांत यंत्रांचे तासन्‌तास गेले तरी चालतें.

एवढी विद्या घेऊन ती गेली, आणि हातीं काम आलें तें नटाच्या आकृतीभोंवतीं रेघ ओढण्याचें! नटाच्या मागें दुसरा देखावा बसवावयाचा तर आधीं त्याची आकृति अलग कापून काढावी लागते. या कामास रोटोस्कोपी म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांनीं १९१७ सालीं अमेरिकेंत ज्या यंत्राचें पेटंट मिळविलें, त्यावरून हें नांव आलें. पांच सेकंदांचें दृश्य म्हणजे १२० चित्रें. नट मान वळवितो, केस उडतात, आणि प्रत्येक चित्रांत ती रेघ पुन्हा जुळवावयाची. काम साधलें तर तें कोणास दिसत नाहीं. चुकलें तर सर्वांस दिसतें.

रोज सकाळीं सर्वांचें काम मोठ्या पडद्यावर लावीत. तिचें दृश्य थांबवून प्रमुखांनीं सर्वांदेखत सांगितलें, "कानाजवळची कड थरथरते आहे, पुन्हा करा." तिसऱ्या आठवड्यांत असें चौथ्यांदा घडलें, तेव्हां तिनें आजोबांस फोन केला, "आजोबा, मी परत येऊं का?" "मी सांगत होतोंच" असें म्हणण्याची ती संधि होती. त्यांनीं एवढेंच विचारलें, "रेघ नीट येऊं लागली का?" "अजून नाहीं." "मग ती येईपर्यंत राहा."

ती राहिली. दहा वर्षें मुरलेल्या कारागिरांचें कामही त्याच शब्दांत परत येतें, हें तिनें पाहिलें, आणि टीका कामावर असते, माणसावर नव्हे, हें तिच्या ध्यानांत आलें. शेवटच्या पंधरवड्यांत कॅमेरा कोठून फिरवावा हें अजमावण्यास एक कच्चा वाडा तांतडीनें हवा होता. काटकसरीची संवय असलेल्या या मुलीनें तो संध्याकाळपर्यंत उभा केला. २०१९ सालच्या 'द मँडलोरियन' या मालिकेंत खेळांचेंच यंत्रतंत्र वापरून नटांच्या मागें प्रकाशमान भिंतींवर देखावे उभे केले होते. दोघी बहिणी आतां एकाच घरांत नांदूं लागल्या आहेत.

आपल्याकडे उमेदवारीची परंपरा नवी नव्हे. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींनींच १९२९ सालीं 'प्रभात' कंपनी काढली. परंतु उमेदवारी म्हणजे फुकटची वेठ नव्हे. मिळालेलें विद्यावेतन खोलीच्या भाड्यासही पुरलें नाहीं, आणि कित्येक रात्री घरीं परतण्यास बारा वाजत, हें तिनें सांगितलें तेव्हां आम्हांस वाईट वाटलें. मुलांस अशा ठिकाणीं धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: शिकविणार कोण, वेतन व वेळ काय, आणि केलेलें काम पुढें दाखवितां येईल का? हा तिसरा प्रश्न बहुतेकांस सुचत नाहीं. चित्रपट प्रसिद्ध होईपर्यंत गुप्ततेचा करार असतो, "इतके दिवस काय केलेंस?" असें आईनें विचारलें, तर तिलाही दाखवितां येत नाहीं.

तो चित्रपट अद्याप लागावयाचा आहे, आणि शेवटच्या यादींत नातीचें नांव येईल कीं नाहीं हें कोणी सांगितलेलें नाहीं. परंतु गेल्या रविवारीं आम्ही व आमचे स्नेही एक भलताच चित्रपट पाहावयास गेलों होतों. खेळ संपून लोक निघाले, दिवे लागले, तरी हे गृहस्थ खुर्चींतून उठेनात. पडद्यावर सरकणारीं शेंकडों अनोळखी नांवें ते चष्मा सांवरून शेवटपर्यंत वाचीत होते.