पुन्हा नवा क्वार्टरबॅक, पुन्हा तेच जेट्स

सोमवारी प्रशिक्षक एरन ग्लेन यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी बाल्टिमोरमध्ये जस्टिन फील्ड्स खेळणार नाही. त्याच्या जागी ३६ वर्षांचा टायरॉड टेलर उतरेल. न्यूयॉर्क जेट्सचे दहा सामने झालेत, त्यातले आठ हरलेत. मार्चमध्ये फील्ड्सशी दोन वर्षांचा चार कोटी डॉलरचा करार झाला, त्यातले तीन कोटी हमीचे होते. नोव्हेंबर संपायच्या आत तो बाकावर. ही बातमी वाचून मला धक्का बसला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

नावात न्यूयॉर्क असलं तरी जेट्स १९८४ पासून न्यू जर्सीतच खेळतात. ईस्ट रदरफर्डचं मेटलाइफ स्टेडियम एडिसन-इसेलिनच्या मराठी घरांपासून फार लांब नाही. इथे वाढलेल्या आपल्या पुष्कळ मुलांनी हा संघ निवडलेला नाही. शाळेतल्या मित्रांमुळे, शेजाऱ्यांमुळे तो त्यांच्या वाट्याला आला. आईवडील क्रिकेटचे आणि मुलं जेट्सची, अशी घरं मला ठाऊक आहेत. जेट्स शेवटचे प्लेऑफमध्ये खेळले ते जानेवारी २०११ मध्ये. त्या महिन्यात जन्मलेलं मूल आज हायस्कूलात आहे. सबंध एनएफएलमध्ये सध्या इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघाचा नाही. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तर त्यांनी एकदाच खेळला आणि जिंकला, १२ जानेवारी १९६९ ला मायामीत, बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध १६-७ असा. तेव्हाचा क्वार्टरबॅक जो नेमथ. त्याने सामन्याआधीच विजयाची हमी दिली होती आणि ती खरी करून दाखवली. तेव्हापासून ५६ वर्षं हा संघ दुसरा नेमथ शोधतो आहे, आणि माझ्या मते त्याचं नुकसान या शोधानेच झालं आहे.

जे वाचक अमेरिकन फुटबॉल पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. चेंडू हातात आला की कुणाला फेकायचा, स्वतः पळायचं की दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे ठरवायला त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढे सेकंद त्याला मिळवून देणं हे त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड गड्यांचं काम. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. टीव्हीवर त्यांची नावं क्वचितच ऐकू येतात.

आता फील्ड्सबद्दल. तो क्वार्टरबॅक या संघाचं उत्तर नाही, हे मी स्पष्ट लिहितो. त्याच्या पायांत जादू आहे. सप्टेंबरमधल्या पहिल्या सामन्यात, पिट्सबर्गविरुद्ध, त्याने ती दाखवलीही. तो सामना जेट्सने ३४-३२ असा गमावला, तो अवघ्या दोन गुणांनी आणि तोही जेट्सचाच आधीचा क्वार्टरबॅक एरन रॉजर्सच्या हातून. पण फील्ड्स चेंडू फार वेळ धरून ठेवतो. मैदानाच्या मधल्या भागात फेकायला कचरतो. गडी मोकळा होण्याआधी पास सुटायला हवा, हा तर त्या जागेचा पाया. त्याला गडी मोकळा झालेला डोळ्यांनी दिसावा लागतो. नऊ सामन्यांत त्याचं फक्त एक इंटरसेप्शन आहे. कागदावर हा आकडा कौतुकाचा दिसतो. मला तो भीतीचा आकडा वाटतो, कारण जोखीम घेतलीच नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाणार कसा? लंडनमध्ये १२ ऑक्टोबरला डेन्व्हरविरुद्ध तो नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच खाली पाडला गेला. पास आणि सॅक यांची बेरीज-वजाबाकी केली तर त्या दिवशी जेट्सचं हवाई आक्रमण उणे दहा यार्डांवर संपलं. इतकं होऊनही सामना १३-११ असा निसटता गेला. बचाव फळीने इतकं राखून दिलं आणि आक्रमणाला दहा-बारा यार्डही धड काढता येईनात, हे बघताना खरंच जीव तुटतो.

त्यानंतर आठवडाभरात कॅरोलायनाविरुद्ध फील्ड्सला मध्यंतरातच बसवलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत संघाचे मालक वुडी जॉन्सन यांनी पत्रकारांपुढे संघाच्या अवस्थेचं खापर उघडपणे क्वार्टरबॅकच्या आकड्यांवर फोडलं. हे मला अजिबात पटलं नाही. जॉन्सन २००० सालापासून या संघाचे मालक आहेत. या पंचवीस वर्षांत क्वार्टरबॅक किती आले नि गेले, पण मालक तेच राहिले. स्वतःच्या पगारी माणसाला हंगामाच्या मध्यावर चारचौघांत उघडं पाडायचं, तेही संघाच्या सलग सात पराभवांनी खचलेल्या मुलाला, ही कुठली रीत? त्याच आठवड्यात फील्ड्सने सिनसिनाटीत ३९-३८ असा सामना जिंकून दिला, हंगामातला पहिला विजय. मला त्या मुलाचा त्या दिवशी अभिमान वाटला.

पण त्या विजयाच्या आदल्या रात्री एक दुःखद घटना घडली होती आणि या सगळ्या प्रकरणाचं मर्म मला तिच्यातच दिसतं. निक मँगोल्ड गेला. वय ४१. मूत्रपिंडाच्या आजाराने. त्याच महिन्यात त्याने मूत्रपिंडदात्यासाठी जाहीर आवाहन केलं होतं. मँगोल्ड जेट्सचा सेंटर, म्हणजे त्या पाच जणांमधला मधला, क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू देणारा. २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जेट्सने पहिल्याच फेरीत दोन गडी निवडले, चौथ्या क्रमांकावर डी’ब्रिकशॉ फर्ग्युसन आणि एकोणतिसाव्यावर मँगोल्ड. दोघंही ऑफेन्सिव्ह लाइनचे. तेव्हा कुणी फटाके वाजवले नाहीत. पण तीन वर्षांनी, २००९ मध्ये, मार्क सँचेझ नावाचा नवखा क्वार्टरबॅक आला तेव्हा त्याच्यासमोर ही भिंत आधीच उभी होती. पहिल्या हंगामात सँचेझची कामगिरी काय होती? १२ टचडाऊन पास आणि २० इंटरसेप्शन. फील्ड्सपेक्षा कितीतरी बेजबाबदार. तरीही त्या वर्षी जेट्स धावत्या आक्रमणात लीगमध्ये पहिले होते, बचावातही पहिले होते आणि सुपर बोलच्या एक सामना अलीकडे पोचले. पुढच्या वर्षी पुन्हा तिथवर पोचले. वाटेत त्यांनी टॉम ब्रेडीच्या पेट्रियट्सना त्यांच्याच घरी, फॉक्सबरोत, २८-२१ असं हरवलं. त्यानंतर आजतागायत जेट्सने प्लेऑफचा एकही सामना जिंकलेला नाही.

सामान्य क्वार्टरबॅक आणि भक्कम लाइन एवढ्यावर हे जमलं होतं. ते विसरलं गेलं.

त्यानंतरचा इतिहास सगळ्या चाहत्यांना पाठ आहे. २०१३ मध्ये दुसऱ्या फेरीत जीनो स्मिथ. २०१६ मध्ये दुसऱ्याच फेरीत ख्रिश्चन हॅकेनबर्ग, ज्याला नियमित हंगामात एक डावही खेळायला मिळाला नाही. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नल्ड, २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन. मग २०२३ मध्ये रॉजर्सला आणलं, तर पहिल्याच सामन्यात, चौथ्याच डावात त्याच्या डाव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. दरम्यान प्रशिक्षक बदलत राहिले. रेक्स रायन, टॉड बोल्स, ॲडम गेस, रॉबर्ट साला आणि आता ग्लेन. प्रशिक्षक बदलला की डावांची सगळी भाषा बदलते, खुणा बदलतात. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाने जे वर्षभर घोकलं ते एका सकाळी रद्द होतं. दर हंगामाला नवं बियाणं आणायचं आणि जमीन मात्र एकदाही नीट नांगरायची नाही, असं हे चाललं आहे.

डार्नल्डचं उदाहरण जरा सविस्तर बघावं लागेल. त्याला मिळवण्यासाठी जेट्सने कोल्ट्सना आपली सहाव्या क्रमांकाची निवड दिली, शिवाय दुसऱ्या फेरीतल्या तीन निवडी दिल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेट्रियट्सनी जेट्सना ३३-० असं धुतलं. त्या रात्री डार्नल्डच्या अंगावर प्रक्षेपणाचा माइक होता आणि बाकावर बसून आपल्याला भुतं दिसतायत असं तो म्हणाला, ते सगळ्या देशाने ऐकलं. लोक हसले. मला ते हसू आजही खुपतं. समोरची भिंत कोसळल्यावर चारी बाजूंनी माणसं अंगावर येतात तेव्हा कुणालाही तेच दिसेल. २०२१ मध्ये जेट्सने त्याला कॅरोलायनाला देऊन टाकलं. २०२४ मध्ये त्याच डार्नल्डने मिनेसोटासाठी १४ सामने जिंकले. आज तो सिएटलमध्ये आहे आणि त्याचा संघ दहापैकी सात सामने जिंकला आहे. परवाच्या रविवारी त्याने रॅम्सविरुद्ध चार इंटरसेप्शन दिली. त्याला कुणी बाकावर बसवलं नाही. जीनो स्मिथचंही तेच झालं. जेट्सने टाकलेला हा मुलगा २०२२ मध्ये सिएटलला प्लेऑफमध्ये घेऊन गेला.

आणि कोल्ट्सनी त्या निवडींचं काय केलं? सहाव्या क्रमांकावर त्यांनी क्वेंटन नेल्सन घेतला, दुसऱ्या फेरीतल्या एका निवडीवर ब्रेडन स्मिथ. दोघंही ऑफेन्सिव्ह लाइनचे. आठव्या वर्षीही ते दोघं तिथेच उभे आहेत. त्यांच्या मागे यंदा क्वार्टरबॅक कोण आहे, तर डॅनियल जोन्स. मेटलाइफमध्येच खेळणाऱ्या जायंट्सनी गेल्या वर्षी ज्याला घरी पाठवलं तोच. कोल्ट्स दहापैकी आठ सामने जिंकले आहेत. जेट्सच्या चाहत्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

इथे कुणी म्हणेल, की मग सगळा दोष संघाचाच, क्वार्टरबॅक बिचारा निर्दोष? तसं मी म्हणत नाही. झॅक विल्सनला कुठेच सूर सापडला नाही. त्याची निवडच चुकली होती. २०२२ च्या नोव्हेंबरात पेट्रियट्सविरुद्ध आक्रमणाने फक्त तीन गुण काढले, सामना १०-३ असा गेला, आणि बचाव फळीला आपण तोंडघशी पाडलं का या प्रश्नाला त्याने नाही म्हटलं. त्या एका शब्दाने त्याने ड्रेसिंग रूम गमावली. २०१८ मध्ये डार्नल्डनंतर चारच क्रमांकांनी जॉश ॲलन बफेलोला गेला आणि आपल्याच गटातल्या त्या संघाचं नशीब पालटलं. पेट्रियट्स २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं १७ पैकी चारच सामने जिंकले होते. त्यांनी २०२४ मध्ये ड्रेक मे निवडला, यंदा नवे प्रशिक्षक आणले, आणि गेल्या गुरुवारी जेट्सना २७-१४ असं हरवून ते नऊ विजयांवर पोचले. म्हणजे योग्य माणूस ओळखता यायलाच हवा. पण जेट्सने ॲलन निवडला असता तर तो आजचा ॲलन झाला असता का, असं मला कुणी विचारलं, तर मी ठामपणे हो म्हणू शकत नाही. एका चाहत्याला आपल्या संघाबद्दल हे लिहावं लागतं.

या हंगामात ४ नोव्हेंबरला महाव्यवस्थापक डॅरेन मुगी यांनी मोठं पाऊल उचललं. संघाचे दोन सर्वोत्तम बचावपटू त्यांनी एकाच दिवशी ड्राफ्टमधल्या निवडींच्या बदल्यात देऊन टाकले. सॉस गार्डनर कोल्ट्सना, क्विनन विल्यम्स डॅलसला. गार्डनरशी तर जुलैमध्येच १२ कोटी डॉलरहून मोठा करार झाला होता. त्या दिवशी अनेक घरांत मुलांनी त्याची जर्सी कपाटात टाकली असेल. मलाही वाईट वाटलं. तरी हा निर्णय मला बरोबर वाटतो. आता २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांत मिळून जेट्सकडे पहिल्या फेरीच्या पाच निवडी आहेत. लाइनच्या दोन टोकांना ओलु फशानू आणि आर्मंड मेम्बू ही तरुण जोडी आहे, दोघंही पहिल्या फेरीतले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा भिंतीचं काम क्वार्टरबॅकच्या आधी सुरू झालंय. नवख्या क्वार्टरबॅकचा पहिला करार चार वर्षांचा आणि तुलनेने स्वस्त असतो. तेवढ्या काळात उरलेला पैसा बाकीच्या संघावर खर्च करता येतो. ही संधी दोनदा येत नाही.

रविवारी टेलर खेळेल. या माणसाबद्दल मला आदर आहे. २०१७ मध्ये बफेलोचा १७ हंगामांचा प्लेऑफ-दुष्काळ संपला तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता, आणि तरी पुढच्याच वर्षी त्याला निरोप देण्यात आला. नंतर क्लीव्हलंडमध्ये, लॉस एंजेलिसमध्ये त्याने तरुणांसाठी जागा राखली आणि कुरकुर न करता ती सोडली. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला शिकवायला असा माणूस संघात असणं चांगलंच. पण त्याला आणल्याने काही सुटलं असं कुणी मानू नये.

माझं मागणं जॉन्सन यांच्याकडे आहे. ग्लेन यांना किमान २०२७ चा हंगाम संपेपर्यंत हात लावू नका. ते १९९४ मध्ये याच संघात पहिल्या फेरीतून आले होते, इथली कळ त्यांना कळते. आक्रमणाची एकच पद्धत तीन वर्षं टिकू द्या. पाचपैकी निदान एक निवड लाइनच्या मधल्या जागांवर खर्च करा. क्वार्टरबॅकबद्दल जे बोलायचं ते बंद दाराआड बोला.

आणि मेटलाइफला जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. नवा मुलगा येईल, पहिल्या महिन्यात चुकेल, चार पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात देईल. तेव्हा त्याची हुर्यो उडवू नका. राग काढायचाच असेल तर मालकांच्या कक्षाकडे तोंड करून काढा.