'श्यामची आई' देताय? मग साने गुरुजीही द्या

मंडळी, भारतवारीहून परत निघताना २३ किलोच्या बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, कुरडया भरून झाल्या की सगळ्यात वर एक पुस्तक ठेवलं जातं. 'श्यामची आई'. आजी देते, आत्या देते, नाहीतर आपणच घेतो. कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "मुलांवर संस्कार नकोत का व्हायला?" डॅलस असो, लंडन असो की दुबई, पुस्तक तेच आणि उत्तरही तेच.

माझं भांडण पुस्तकाशी अजिबात नाही. आपण ते मुलांच्या हातात कसं देतो, त्याच्याशी आहे. "बघ, श्याम आईचं किती ऐकायचा!" हे तुमच्याही घरात कुणीतरी म्हटलं असेल. आता जरा पुस्तक उघडून बघा. श्याम पोहायला घाबरतो आणि आईचा मार खातो. एकदा तर पैसे चोरतो. हे आज्ञाधारक मुलाचं पुस्तक नाहीच, चुकणाऱ्या मुलाचं आहे. आणि ते लिहिलं कुठे? नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. सरकारचं ऐकलं नाही म्हणून आत गेलेल्या माणसाने! मुलांनी ऐकावं म्हणून आपण नेमकं ह्याच माणसाचं पुस्तक निवडलंय, ही गंमतच आहे.

पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. घर कर्जात बुडालेलं, शिक्षण ओढाताणीत झालेलं. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या हा मास्तर स्वतः झाडायचा. १९३० मध्ये नोकरी सोडून चळवळीत उतरले आणि मग तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचनं यांनीच लिहून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि 'कुरल' मराठीत आणलं. ह्युगोच्या 'ले मिझराब्ल'वरून 'दुःखी' लिहिली. भारतातल्या सगळ्या भाषांनी एकमेकींना ओळखावं, म्हणून 'आंतरभारती'चं स्वप्न पाहिलं. आणि आपण? शेजारच्या तमिळ कुटुंबाला घरात अजूनही 'मद्रासी' म्हणतो, आणि त्याच सोफ्यावर बसून मुलांना 'श्यामची आई' वाचायला सांगतो.

पण ते सोडा. मला ज्या गोष्टीवर बोलायचंय ती पुढे आहे.

पुस्तकात मोळीचा एक प्रसंग आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक म्हातारी. लाकडांची मोळी खाली पडलेली, डोक्यावर चढवून द्यायला कुणी तयार नाही. आई श्यामला म्हणते, जा, मोळी उचलून दे. गावात लोक नावं ठेवणार हे तिला माहीत आहे, तरी पाठवते. त्या काळातल्या कोकणातल्या ब्राह्मण घरातली बाई, तिच्यासाठी हे फार मोठं धाडस. पण त्याच दमात ती मुलाला सांगते की घरी आल्यावर आंघोळ कर.

ही आंघोळ आपण वाचताना गाळतो. किंवा मुलाने विचारलंच, "व्हाय डिड ही हॅव टू टेक अ बाथ?", तर "पूर्वी असं होतं बेटा" म्हणून पान उलटतो.

गुरुजींनी ती गाळली नाही. आईवर जीव ओवाळून टाकणाऱ्या मुलाने ती तशीच लिहून ठेवली, आणि मग उरलेलं आयुष्य ती आंघोळ पुसण्यात घालवलं. आई जिथवर गेली त्याच्या पुढे गेला हा मुलगा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी काही महिने महाराष्ट्र पिंजून काढला, आणि १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींनी तार करून थांबायला सांगितलं. ज्यांना ते दैवत मानत होते त्या गांधीजींनी! तरी उठले नाहीत. दहा-अकरा दिवसांनी मंदिर उघडायचं ठरलं तेव्हाच उपोषण सुटलं. 'रडके साने गुरुजी' म्हणून हसणाऱ्यांनी एकदा हे करून दाखवावं.

चोखोबांचे अभंग आपण मंडळाच्या आषाढीच्या कार्यक्रमात तल्लीन होऊन ऐकतो. त्यांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर का आहे, हे आपल्यातल्या किती जणांनी मुलांना सांगितलंय?

आपल्याला वाटतं की हे सगळं मुंबई विमानतळावरच राहिलं. राहिलं का? नवीन कुटुंब पॉटलकला आलं की पहिले तीन प्रश्न आठवा. आडनाव काय? मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं? ह्यातला कुठला प्रश्न खरंच माहितीसाठी असतो आणि कुठला माणसाला खणात टाकण्यासाठी, हे आपल्याला चांगलं कळतं. उत्तर देणाऱ्यालाही कळतं. २०२३ मध्ये सिॲटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं, पुढे गव्हर्नरांनी ते नाकारलं. त्या काळात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय काय फिरलं ते आठवा. कायदा हवा की नको यावर दोन मतं असू शकतात, आज त्यात शिरत नाही. पण "जातपात आता कुठे राहिलीय" असं ठासून लिहिणारे काका-काकूच पंधरा दिवसांनी मुलीसाठी "आपल्यातलंच" स्थळ विचारताना दिसले की हसावं की रडावं कळत नाही.

आपली मुलं हे सगळं ऐकत असतात बरं का. मराठी नीट बोलता येत नसेल, पण समजतं सगळं.

आता कमेंटमध्ये येणारच : "आठ वर्षांच्या मुलाला जात कशाला सांगायची? उगाच डोक्यात भरवायचं." हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. ह्याच मुलाला शाळेत रोझा पार्क्स बसमध्ये जागेवरून का उठली नाही ते शिकवतात. त्याला ते कळतं, राग येतो, तो घरी येऊन आपल्याला सांगतो आणि आपण कौतुकाने ऐकतो. तिथे त्याचं वय आड येत नाही. मोळीवाल्या म्हातारीपाशी आलं की बरं येतं! खरं तर अडचण मुलाच्या वयाची नाही. त्याचा पुढचा प्रश्न "मग आपण कोण होतो?" हा असणार, त्याची आहे. मोळी उचलणाऱ्या श्यामच्या शेजारी मुलाला उभं करायला आपल्याला आवडतं. नावं ठेवणाऱ्या गावातही आपलेच पणजोबा असतील, हे सांगायला जीभ अडते.

ज्यांना गांधीहत्येनंतर, मारणारा मराठी होता म्हणून, २१ दिवस उपोषण करून प्रायश्चित्त घ्यावंसं वाटलं, त्या गुरुजींची जीभ अडली नव्हती. ११ जून १९५० ला ते गेले, पन्नास वर्षं आणि काही महिन्यांचं आयुष्य. गुन्हा स्वतः न करताही त्याचं ओझं उचलणं म्हणजे काय, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मराठीत माहीत नाही.

पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे ते मोठ्याने सांगण्यासाठीच आहे. तिथली मराठी आपल्या मुलांना एकट्याने वाचून झेपत नाही, म्हणून शेल्फवर ठेवून उपयोग नाही. २४ डिसेंबरला गुरुजींचा जन्मदिवस. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मुलांना तेव्हा शाळेला सुट्टी असते. मोबाईल बाजूला ठेवून मोळीचा प्रसंग आधी वाचा. आंघोळीपाशी थांबा, आणि मुलाला काय विचारायचंय ते विचारू द्या.