निःस्वार्थ माणसाला नियम कशाला?

'अहो, माणूस पदरमोड करून मुलांसाठी येतो, त्याला कसले नियम लावता?' हे वाक्य आमच्या आष्टीत मी अनेकदा ऐकले आहे. सुटीच्या दिवशी वाचनवर्ग घेणारे, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन करणारे, शिबिरांतून कवितालेखनाची गोडी लावणारे 'दादा' आणि 'सर' यांच्या बाजूने ते उच्चारले जाते. उच्चारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु प्रश्न मुळातच उलटा आहे. पगारी शिक्षकाला सेवाशर्ती असतात, वरिष्ठ असतात, चौकशी असते. स्वयंसेवकाजवळ असतो तो फक्त लोकांचा आदर. आणि आदर ही सत्ताच आहे; तिला ना मुदत, ना हिशेब.

निःस्वार्थ या शब्दाची किंमत आमच्या गावाला नव्याने सांगायला नको. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथील माणसे पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि त्यांतली काही परत आली नाहीत. म्हणूनच तो शब्द ढालीसारखा वापरलेला आम्हांला पाहवत नाही.

आमच्याच जिल्ह्यातला एक दाखला पाहावा. इंग्लंडहून परतल्यापासून, म्हणजे १८९१ पासून, फिरायला जाताना मुलामुलींच्या खांद्यावर हात ठेवण्याची गांधीजींची सवय होती. वर्ध्याला आलेल्या दोन सहकाऱ्यांनी सुचवले की, या सवयीमुळे इतरांपुढे वाईट उदाहरण उभे राहील. बहिणीच्या नात्याचे नाव पुढे करून एका मुलीशी सलगी करणाऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकतही याच सुमारास त्यांच्यापर्यंत पोहोचली. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांनी ती सवय सोडली आणि 'हरिजन'मध्ये तसे जाहीर केले. 'माझे मन स्वच्छ आहे' एवढ्यावर त्यांना थांबता आले असते. ते थांबले नाहीत. सहकाऱ्याला बोलता आले, थोराने ऐकले आणि निर्णय चारचौघांत मांडला गेला. आचारसंहिता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

परंतु हा दाखला इथेच संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४६-४७ मध्ये, नोआखलीच्या काळात, याच गांधीजींनी आपल्या ब्रह्मचर्याच्या प्रयोगात नात्यातल्या तरुण मनूबेनला सामील करून घेतले. निर्मलकुमार बोस यांच्यासारख्या निकटच्या सहकाऱ्याने आक्षेप घेतला. प्रयोग तेव्हा थांबला नाही, बोस मात्र दूर झाले. मनूबेनची संमती होती, हे उत्तर पुरत नाही. 'नाही' म्हणण्याची मोकळीक तिला कितीशी होती, हा प्रश्न उरतोच. जिथे थोरवी हीच एकमेव हमी असते, तिथे थोराघरीही हमी उरत नाही. मग आपल्या तालुक्यातल्या 'दादा'ची काय कथा!

कायदा आहे, असे कोणी म्हणेल. आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावर लैंगिक गुन्हा घडल्याचे ठाऊक असून तो न कळवणे हाही गुन्हा आहे. २०२० च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना पोलीस पडताळणी सक्तीची केली. पण ती शब्दशः कर्मचाऱ्यांची. रविवारी येणारा स्वयंसेवक कर्मचारी कुठे असतो? शिवाय आपले बहुतेक पदवीचे विद्यार्थी अठरा ओलांडलेले, म्हणजे या कायद्याच्या कक्षेबाहेरचे. आणि गुन्ह्याच्या अलीकडे जो विस्तीर्ण करडा पट्टा असतो, तिथे कायदा पोहोचतच नाही.

त्या पट्ट्यात मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरातले मार्गदर्शक, कविता तपासण्याच्या निमित्ताने, माझ्या एका विद्यार्थिनीला रात्री उशिरापर्यंत संदेश पाठवीत. तिने मला ते सांगितले. मी म्हणालो, 'मोठ्या मनाचा माणूस आहे, तुझाच गैरसमज झाला असेल.' ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने मला एकही कविता दाखवली नाही. माझ्याजवळ लेखी नियम असता, तर मला कुणाच्या मनाचा मोठेपणा मोजावा लागला नसता. संदेशांची वेळ पाहिली असती, तरी पुरे होते.

नियम फार नकोत. मुलांशी एकट्याने बंद खोलीत बसू नये. संदेश गटावर आणि दिवसा पाठवावेत. भेटवस्तू, उसने पैसे, खाजगी गुपिते यांपासून दूर राहावे. तक्रार कोणाकडे न्यायची ते नाव पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे. ते नाव मार्गदर्शकाच्या मित्राचे नसावे. आणि हे सारे त्याने सहीनिशी मान्य करावे.

याने गुरुशिष्याचे नाते कोरडे होईल, हा आक्षेप साहित्याच्या प्राध्यापकांकडूनच अधिक येतो. ज्या नात्याचा ओलावा उघड्या दाराने सुकतो, तो ओलावा कसला होता? वृत्ताच्या बंधनाने कविता मरत नाही, हे आपणच वर्गात शिकवतो. चांगल्या स्वयंसेवकाला या नियमांनी काहीच गमवावे लागत नाही. संशयापासून त्याचेही रक्षण होते. ज्याला ते जाचतात, त्याच्यासाठीच ते लिहायचे असतात.